दीडफुटी शब्दांची वही

नारायण पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात मी तरुणपणी काही वर्षे मुद्रितशोधकाचे काम केले. मुद्रितशोधकाला मजकुराच्या अर्थाशी फारसे देणेघेणे नसते, किंबहुना नसलेलेच बरे. कारण वाक्य समजू लागले की डोळा पुढचा शब्द मनानेच भरून घेतो आणि समोरचे अक्षर चुकलेले आहे हे त्याला दिसतच नाही. म्हणून आमच्याकडची जुनी मंडळी इंग्रजी गॅली, म्हणजे तपासणीसाठी काढलेला कच्चा छाप, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे, म्हणजे उलटी वाचत असत. मीही तसाच वाचायला शिकलो, आणि त्या उलट्या वाचनातून मला अक्षरांचे व्यसन जडले. एखाद्या शब्दात एकच अक्षर आठ वेळा आले, एखाद्यात एकही अक्षर पुन्हा आले नाही, एखादा शब्द ओळीच्या टोकाला मावेना, की तो मी निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत उतरवून ठेवीत असे. वहीत तीन रकाने होते : शब्द, अक्षरसंख्या आणि वैशिष्ट्य. अर्थाचा रकाना मी आखलाच नव्हता.

छापखान्यात लागण्यापूर्वी, बारावीनंतरच्या सुटीत, घरच्यांनी मला टायपिंगच्या क्लासला घातले होते. त्या काळी पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात मुलाला मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या इंग्रजी टायपिंगच्या परीक्षांना बसवणे हे त्याची मुंज लावण्याइतकेच अपरिहार्य मानले जाई. तिथल्या रेमिंग्टनवर ए-एस-डी-एफ घोटून कंटाळल्यावर मला पहिला शोध लागला, तो असा की टाइपरायटर हा शब्द टाइपरायटरच्या सर्वांत वरच्या ओळीतील अक्षरांवरच पूर्ण उमटतो. मालक या अर्थाचा प्रोप्रायटर आणि चिरंतनता या अर्थाचा पर्पेच्युइटी हे दहा-दहा अक्षरांचे शब्दही त्याच ओळीचे. हवाई सुंदरींसाठीचे अनेकवचन, स्टुअर्डेसेस, बारा अक्षरांचे असूनही एकट्या डाव्या हाताने होते, तर लॉलीपॉपला उजवा हात पुरतो. मधल्या ओळीवर अल्फाल्फा सापडतो, म्हणजे आपले गोठेवाले जनावरांना घालतात ती लसूणघास. खालच्या ओळीत एकही स्वर नसल्यामुळे तिथे काहीच पिकत नाही.

हिशेबनिसासाठी असलेल्या बुककीपर या शब्दात दोन ओ, दोन के आणि दोन ई अशा तीन जोड्या एकमेकींना खेटून येतात. जमाखर्चात प्रत्येक व्यवहाराची नोंद दोनदा करायची असते, तेव्हा ती लिहिणाऱ्याच्या नावातली अक्षरेही जोडीजोडीने आली असावीत, असा माझा त्या वयातला निष्कर्ष होता. पजेशनलेसनेस या अठरा अक्षरी शब्दात एस हे अक्षर आठ वेळा येते. त्याचा अर्थ अपरिग्रह, म्हणजे जवळ काहीही न बाळगणे. आणि शब्दाने मात्र एकाच अक्षराचा असा साठा करून ठेवलेला! हा विरोधाभास मला वहीत शब्द लिहिल्यानंतर कित्येक वर्षांनी कळला, कारण अर्थ पाहण्याची तसदीच मी तोवर घेतली नव्हती.

स्वरांचे पान माझ्या विशेष आवडीचे होते. इंग्रजी वर्णमालेतील पाचही स्वर, ए, ई, आय, ओ आणि यू, एकेकदाच आणि त्याच क्रमाने येणारे दोन शब्द बहुतेक शब्दवेड्यांना ठाऊक असतात : फसीशस आणि ॲबस्टीमियस. पहिल्याचा अर्थ गंभीर बोलणे चालू असताना नको तिथे थट्टा करणारा, आणि दुसऱ्याचा अर्थ खाण्यापिण्यात संयम पाळणारा, मिताहारी. हेच पाच स्वर अगदी उलट क्रमाने येतात ते सबकॉन्टिनेंटल, म्हणजे उपखंडीय, या शब्दात. आपल्या भूभागाचे विशेषण लिहिताना इंग्रजी स्वर यूपासून ए पर्यंत उलट पावलांनी चालत जातात, हे मी ज्या ज्या पुणेकराला सांगितले त्याने त्यातून आपल्या मतानुसार काही ना काही टोमणा काढलाच. रांग लावणे या अर्थाचा क्यूइंग हा शब्द तर अर्थालाच जागतो. त्यात क्यूच्या मागे यू, ई, यू, ई, आय असे पाच स्वर खरोखरच एकामागे एक रांगेत उभे असतात.

इथे एक अडचण कबूल केली पाहिजे. हे शब्द देवनागरीत लिहिले की त्यांची सगळी करामत नाहीशी होते. फसीशस असे लिहिल्यावर त्यात पाच स्वर कोणाला दिसणार? आपल्याकडे स्वर हा व्यंजनाच्या अंगावरचा दागिना आहे. तो काना, मात्रा, वेलांटी होऊन व्यंजनाला चिकटतो आणि दोघांचे मिळून एकच अक्षर मोजले जाते. इंग्रजीचा स्वर मात्र व्यंजनाशेजारी स्वतंत्र चौरंग मांडून बसतो. हा भेद मला पुस्तकातून नव्हे, तर छपाईसाठी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या कप्पेदार पेटीतून, कळला. इंग्रजी खिळ्यांच्या केसमध्ये छोट्या ई अक्षराचा कप्पा सर्वांत मोठा असे, कारण तो खिळा सर्वाधिक लागतो. देवनागरीच्या केसमध्ये मात्र मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांच्यासाठी शेकडो कप्पे लागत आणि जुळवणाऱ्याला एका शब्दासाठी वीतभर हात इकडून तिकडे फिरवावा लागे. हे खिळे कमी करण्याच्या खटाटोपात लोकमान्य टिळकांनीही वेळ घातला होता, ते उगाच नव्हे.

ई या अक्षरावरून पुढच्या शब्दाकडे वळतो, कारण इंग्रजीतल्या या सर्वांत राबत्या अक्षराला त्या शब्दाने दारातही उभे केलेले नाही. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन हा एकोणतीस अक्षरांचा शब्द आहे. त्यात आय हे अक्षर नऊ वेळा येते आणि ई एकदाही नाही. विल्यम शेनस्टोन या इंग्रज कवीच्या १७४१ सालच्या पत्रात तो आढळतो. एखाद्याची किंमत कवडीइतकी लेखण्याच्या वाक्प्रयोगांसाठी लॅटिन शिकणाऱ्या मुलांना चार शब्द पाठ करावे लागत : फ्लॉकी, नॉकी, निहिली आणि पिली. पहिल्याचा अर्थ लोकरीची बट, दुसऱ्याचा फुटकळ वस्तू, तिसऱ्याचा शून्य आणि चौथ्याचा केस. ही चारही चिल्लर नाणी एका दोरीत ओवून कोणी तरी हा शब्द केला, आणि त्याचा अर्थ झाला एखादी गोष्ट क्षुल्लक मानण्याची क्रिया. मराठीत आपण कस्पटासमान लेखतो किंवा तृणवत् मानतो. कस्पट, तृण, लोकरीची बट, केस! तुच्छता मोजायला दोन्हीकडच्या माणसांना हाताशी असलेली काडी किंवा केसच सापडावा, याचे मला मोठे कौतुक वाटते. त्यापुढे एकोणतीस अक्षरांचे कौतुक खरोखरच कस्पटासमान आहे.

शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकातला एक विदूषक सत्तावीस अक्षरांचा एक लॅटिन शब्द उच्चारतो, ऑनरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस. सन्मानास पात्र असण्याची अवस्था, असा त्याचा साधारण अर्थ. त्याची ख्याती अशी की त्यात पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एक व्यंजन, एक स्वर, पुन्हा व्यंजन, पुन्हा स्वर हा क्रम कुठेही मोडत नाही. हा शब्द एवढ्यावर सुटला नाही. ही नाटके फ्रान्सिस बेकन यांनीच लिहिली असे मानणारा एक पंथ आहे, आणि त्यातील सर एडविन ड्युर्निंग-लॉरेन्स यांनी १९१० मध्ये या सत्तावीस अक्षरांची उलटापालट करून त्यातून एक लॅटिन वाक्य काढून दाखवले : ही नाटके एफ. बेकनची अपत्ये असून ती जगासाठी जपून ठेवली आहेत. अक्षरे पुरेशी असली आणि माणूस चिकाटीचा असला की हवे ते वाक्य निघते, एवढेच मला यातून दिसते. राहिली गोष्ट व्यंजन-स्वराच्या पाळीची. देवनागरीत जोडाक्षर, विसर्ग आणि आद्य स्वर टाळला की लिहिलेला जवळजवळ प्रत्येक शब्द ती पाळी आपसूकच पाळतो. शनिवारवाडा घ्या. ज्या गुणासाठी इंग्रज त्या एका शब्दाचे एवढे कौतुक करतात, तो गुण आपल्या रिक्षावाल्याच्या तोंडच्या पत्त्यात असतो!

अक्षरांचा खेळ आपल्याकडे नव्हता असा मात्र कोणी अर्थ काढू नये. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त एका राजपुत्राच्या ओठांना प्रेयसीने केलेल्या दंतक्षताने वेदना होत असतात, म्हणून तो आपली सगळी हकिगत ओष्ठ्य वर्णांचा वापर न करता सांगतो. आणि आमच्या पुणे जिल्ह्यातच, बारामतीला, मोरोपंत (१७२९ ते १७९४) राहत होते. त्यांनी १०८ रामायणे रचली असे परंपरा सांगते. त्यांतल्या एकाचे नाव 'परंतु रामायण' आहे आणि एकाचे 'निरोष्ठ रामायण'. निरोष्ठ म्हणजे ओठांना ओठ न लागू देता म्हणायचे. अर्थात प, फ, ब, भ, म हे वर्ण बाद. आता म बाद केला की राम हा शब्दही बाद होतो! ज्याचे चरित्र सांगायचे त्याचेच नाव तोंडातून निघू द्यायचे नाही, ही अट एखाद्या इंग्रज कोडेबहाद्दराला सुचली असती तर त्याने तिच्यावर ग्रंथ लिहिले असते. आमच्या शाळेत मात्र मोरोपंतांची ही करामत पंडिती कसरत म्हणून एका वाक्यात उडवून लावली जाई. मला ती कसरत वाटत नाही. राघव, रघुनंदन अशी पर्यायी नावे शोधताना कवीला रामाकडे वेगवेगळ्या नात्यांनी पाहावे लागते. अक्षर काढून घेतले की अर्थाला दुसरी वाट शोधावी लागते, आणि कधी कधी ती मूळ वाटेहून बरी निघते.

एकही अक्षर पुन्हा न येणाऱ्या शब्दांचे पान लहान आहे, कारण सव्वीस अक्षरांत असे शब्द फार लांब जाऊ शकत नाहीत. पंधरा अक्षरांवर दोन प्रसिद्ध शब्द थांबतात. एक अनकॉपीराइटेबल, म्हणजे ज्यावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही असे. त्यात फारसा राम नाही. दुसरा डर्मॅटोग्लिफिक्स. बोटांची टोके, तळहात आणि तळपाय यांच्या त्वचेवरील रेषांचा शास्त्रीय अभ्यास, असा त्याचा अर्थ, आणि हॅरॉल्ड कमिन्स या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञांनी तो १९२६ मध्ये घडवला. अंगठ्याचा ठसा एकाचा दुसऱ्याशी जुळत नाही, आणि त्या ठशाच्या शास्त्राच्या नावातले एक अक्षरही दुसऱ्याशी जुळत नाही. ही जुळणी योगायोगाची असली तरी माझ्या वहीतली ती सर्वांत सुंदर नोंद आहे. ठशांवरून माणूस ओळखण्याच्या कामाचे एक मोठे केंद्र आपल्याच देशात होते. कलकत्त्यात १८९७ मध्ये ठशांचा विभाग सुरू झाला आणि तिथे ठशांचे वर्गीकरण बसवण्याचे बरेचसे काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी केले, जरी ती पद्धत पुढे त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली. ज्याला अक्षर येत नाही त्याला आपण मराठीत अंगठेबहाद्दर म्हणून हिणवतो. सही करणाऱ्याची अक्षरे कोणीही गिरवून उठवू शकतो. अंगठेबहाद्दराची खूण मात्र त्याच्यापाशीच राहते.

लांबलचक शब्दांना इंग्रजीत जे विशेषण आहे ते स्वतःच लांब आहे : सेस्क्विपिडेलियन. रोमन कवी होरेस याने काव्यकलेवरच्या आपल्या पत्रात, दुःखी पात्राने फुगीर भाषा आणि दीड-दीड फूट लांबीचे शब्द टाकून द्यावेत, असे म्हटले आहे. त्या दीड फुटावरून हे विशेषण आले. इंग्रजीत दीडला स्वतःचा सुटसुटीत शब्द नाही, त्यामुळे त्या विशेषणातली खोच इंग्रजी बोलणाऱ्याला कोश उघडल्याशिवाय कळत नाही. मराठी माणसाला ती सांगावी लागत नाही, कारण प्रमाणाबाहेर गेलेल्या शहाणपणाला आपण आधीपासूनच दीडशहाणपणा म्हणत आलो आहोत. दवाखान्याच्या पाटीवर ओटोरायनोलॅरिंगॉलॉजिस्ट असे एकवीस अक्षरी पद रंगवता येते आणि त्याखाली मराठीत कान-नाक-घसा तज्ज्ञ असेही लिहिता येते. आपल्या गल्लीतला आजारी माणूस दुसरी ओळ वाचून जिना चढतो. गंमत अशी की पहिल्या ओळीतही ग्रीक भाषेत कान, नाक आणि घसाच लिहिलेले असते.

वहीला अर्थाचा रकाना मिळाला तो गेल्या भाऊबिजेला. धाकट्या बहिणीबरोबर तिची मुलगीही आली होती. ती डॉक्टर झाली असून पुढचे शिक्षण घेते आहे. ओवाळणी झाल्यावर तिने वही चाळायला घेतली आणि दहा मिनिटांनी विचारले, "मामा, यात अर्थ कुठे आहेत?"

मी म्हणालो, "अर्थ कोशात असतात. ही अक्षरांची वही आहे."

"पण मग हे सगळे शब्द तुझ्या लेखी सारखेच झाले की," ती म्हणाली, आणि तिने पेन्सिल मागून घेतली.

सूडोसूडोहायपोपॅराथायरॉइडिझम हा तीस अक्षरांचा शब्द मी दोन वेळा आलेल्या सूडोसाठी टिपला होता. तिने मला समजावले की फुलर ऑलब्राइट यांनी १९४२ मध्ये एका विकाराचे वर्णन केले, ज्यात पॅराथायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक तयार होते, पण शरीर त्याला दाद देत नाही आणि रक्तातील कॅल्शियम घसरते. ग्रंथी बिघडल्याचा नुसता आभास, म्हणून नावाला एक सूडो. दहा वर्षांनी ऑलब्राइट यांनाच असा रुग्ण आढळला की ज्याची ठेंगणी चण, हाताची आखूड हाडे अशी लक्षणे त्याच विकाराची होती, पण रक्त अगदी ठीक होते. म्हणजे आभासाचाही आभास, म्हणून दुसरा सूडो. इतकी वर्षे मी ज्याला अक्षरांची पुनरुक्ती समजत होतो, ती एका सावध माणसाची काटेकोर नोंद होती.

मग तिचे बोट वहीतल्या सर्वांत लांब शब्दावर आले : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस, अक्षरे पंचेचाळीस. हा शब्द मी अभिमानाने पान आडवे करून लिहिला होता. तो वैद्यकातून आलेलाच नाही, हे मात्र मला ठाऊक होते. अमेरिकेतील नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ मध्ये, सर्वांत लांब शब्द तयार करायचा एवढ्याच हेतूने तो घडवला, आणि नंतर तो कोशांत जाऊन बसला. फुफ्फुस, अतिसूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी आणि ग्रीक भाषेतील धूळ या अर्थाचा शब्द, असे त्याचे तुकडे पडतात. ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिकायुक्त धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग, असा तो अर्थ.

"मामा, याला आम्ही सिलिकोसिस म्हणतो," ती म्हणाली. "नऊ अक्षरांत काम होतं. आणि त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही."

मग काय लागते, हेही तिने सांगितले. दगड कापणे, घासणे, भोके पाडणे अशा कामांत गारेची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेची, डोळ्याला न दिसणारी धूळ उडते, श्वासाबरोबर ती फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथे जखमेच्या वणासारखे तंतू धरू लागतात. झालेली हानी भरून येत नाही. तिच्या अभ्यासक्रमात व्यवसायजन्य रोगांच्या प्रकरणात भारतातली जी उदाहरणे होती, त्यांत गुजरातमधल्या खंभातचे अकीक नावाचा दगड घासणारे कारागीर होते आणि मध्य प्रदेशातल्या मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली बनवणारे मजूर होते. तिथे दगड करवतीने चिरून पेन्सिली काढताना उडणाऱ्या धुळीने या मजुरांत सिलिकोसिस मोठ्या प्रमाणावर आढळला होता.

आम्ही मुले पाटीवरच्या त्या करड्या पेन्सिली पैशाला मूठभर आणत होतो. त्या फरशीवर घासून टोक काढायचे, तुटल्या तर वाटून घ्यायच्या, आणि मास्तरांचे लक्ष नसेल तेव्हा चघळायच्याही. पहिली अक्षरे आम्ही त्यांनीच काढली. अक्षर शिकण्याच्या आरंभाला मराठीत धुळाक्षरे म्हणतात, कारण पूर्वी पाटीवर धूळ पसरून तिच्यात बोटाने अक्षर गिरवीत. माझ्या पिढीच्या पाटीवर धूळ पसरलेली नव्हती. ती आमच्या आधी कोणाच्या तरी फुफ्फुसात गेलेली होती.

भाचीने पेन्सिल माझ्या हातात दिली. पंचेचाळीस अक्षरांच्या त्या शब्दासमोर, नव्याने आखलेल्या रकान्यात, मी 'मंदसौर' असे लिहिले.